कोस्टर-मग रगचा शिवणसंच: वरचं कापड नामी, पोटातलं बदलून घ्या

चार कोस्टर (कप-पेल्याखाली ठेवायचे चौकोन) आणि दोन मग रग शिवता येतील एवढं साहित्य, डिझाइनचे कागद आणि सूचनापत्रक, असा हा ऑनलाइन मिळणारा संच. किंमत साडेआठशे रुपये, कुरिअर वेगळं. जवळपास याच घडणीचे संच बाजारात वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, म्हणून इथे नावापेक्षा आतल्या मालाबद्दल बोललेलं बरं. जो संच घ्याल तो पुढच्या मुद्द्यांवर तपासून घ्या.

आधी निकाल सांगून टाकतो. कापड आणि डिझाइन यांना पैकीच्या पैकी गुण. चिकटवायचा फ्युजिंग वेब ठीकठाक. कडेची पट्टी कमी पडते. आणि मधला थर, ज्यावर कोस्टरचं सगळं काम अवलंबून असतं, तो सपशेल चुकलेला आहे. तो काढून कोल्हापुरात सहज मिळणारं फ्लॅनेल घातलं, तर हाच संच वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वस्तू देतो.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी मापं सांगतो. कोस्टर ४ ते ४.५ इंच चौरस असतो. मग रग साधारण ६ बाय ९ इंचांचा, म्हणजे एका बाजूला चहाचा मग आणि शेजारी दोन खाऱ्या किंवा बटर मावतील एवढा. दोन्हींत तीन थर: वर ॲप्लिक केलेलं, म्हणजे दुसऱ्या कापडाचे आकार कापून बसवलेलं कापड, मध्ये भरण, खाली अस्तर. तिन्ही थर टीप घालून एकत्र बांधायचे आणि कडेने पट्टी लावायची. वाकळ शिवलेल्या हातांना यातलं तत्त्व नवीन नाही. फरक मापाचा आहे. वाकळेत अर्धा इंच इकडेतिकडे खपून जातो, साडेचार इंचांच्या चौकोनात एक सूतही डोळ्यांत भरतं.

संचात १० बाय १० इंचांचे सुती कापडाचे दहा तुकडे आहेत. सूत बारीक, वीण घट्ट, छपाईची नक्षी लहान. नक्षी लहान असणं महत्त्वाचं, कारण दीड इंचाच्या पानात किंवा पाखरात मोठं फूल आलं तर त्याचा नुसता डाग दिसतो. कडा कापल्यावर धागे पटकन सुटत नाहीत, त्यामुळे नवशिक्यालाही हे कापड साथ देतं.

पण सूचनापत्रकात कापड आधी भिजवायला सांगितलेलं नाही, ही मोठी चूक. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. वरचं कापड, भरण आणि अस्तर वेगवेगळ्या प्रमाणात आटलं की पहिल्याच धुण्यात कोस्टर वाकडा होतो आणि ॲप्लिकच्या कडेला चुण्या पडतात. एवढे लहान तुकडे धुण्याच्या मशीनमध्ये टाकू नका, कडा उसवतील. गरम पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, न पिळता सावलीत पसरा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. या टप्प्यावर स्टार्च किंवा कपडे मऊ करणारं द्रव्य वापरू नका, त्यावर फ्युजिंग वेबचा गोंद नीट धरत नाही.

लाल आणि गर्द निळा या दोन रंगांची परीक्षा वेगळी घ्यायची. ओल्या तुकड्यावर पांढरं सुती कापड ठेवून गरम इस्त्री दाबा. संचातल्या लाल कापडाने पांढऱ्यावर फिकट गुलाबी छटा सोडली. कोस्टरला याची झळ जास्त बसते, कारण गार ताकाच्या ग्लासाला सुटलेलं पाणी तासन्‌तास त्याच जागी मुरतं आणि लाल रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर उतरतो. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं पुष्कळजण सांगतात. गिरणीत रंगवलेल्या कापडाला त्याचा भरवसा नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं हाच उपाय, आणि तरीही रंग जात असेल तर तो तुकडा कोस्टरला वापरूच नये.

आता फ्युजिंग वेब. एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला गोंदाचा पातळ थर, असे ए-फोर आकाराचे दोन ताव संचात येतात. टेलरिंगच्या दुकानात ‘चिकटणारं पेस्टिंग’ मागितलं की बहुधा एका बाजूने चिकटणारं बकरम, म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड, हातात पडतं. ते याला चालत नाही. आकार एका कापडावरून दुसऱ्या कापडावर चिकटवायचा असतो, त्यामुळे कागद सोलल्यावर गोंद उघडा होणारा प्रकारच हवा.

संचातला वेब थोडा जाड आहे. शिवण न घालता चिकटवण्याच्या कामाला तो चांगला, पण त्यातून टीप घालताना सुईला गोंद चिकटतो, दोरा तुटतो, टाके सुटतात. सुई अधूनमधून स्पिरिटच्या बोळ्याने पुसली की काम चालतं. मोठ्या आकारांत आणखी एक युक्ती करता येते: वेबचा मधला भाग कापून काढायचा आणि कडेने फक्त पाव इंचाची चौकट ठेवायची. आकार कडेला धरला जातो, मध्ये कापड मऊ राहतं आणि वाचलेल्या वेबमधून दोन पानं निघतात.

रीत अशी. आकार वेबच्या कागदाच्या बाजूवर गिरवा. रेषेच्या बाहेर पाव इंच सोडून ढोबळ कापा. कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवून सुती कापडाच्या तापमानाला, वाफ बंद ठेवून, इस्त्री पाच ते आठ सेकंद दाबा. इस्त्री फिरवायची नाही. दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली की वेब सरकतो आणि गोंद इस्त्रीच्या तळाला लागतो. जास्त वेळ दाबली तर गोंद कापडात शोषला जातो आणि मग दुसऱ्या कापडाला धरत नाही. ‘वेब खराब निघाला’ या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. कापड पूर्ण गार झाल्यावर रेषेवरून नेमकं कापा. कागद सुटत नसेल तर कडेपासून ओरबाडत बसू नका. मधोमध टाचणीने एक ओरखडा काढा आणि तिथून फाडत बाहेर या, कडेचे धागे शाबूत राहतात. मग गोंदाची बाजू खाली करून आकार पार्श्वभूमीच्या कापडावर ठेवा आणि तशीच इस्त्री दाबा.

गिरवलेला आकार कापडावर उलटा उमटतो, म्हणजे आरशात दिसावा तसा. संचातल्या डिझाइनच्या कागदांवर आकार आधीच उलटे छापलेत, ही त्यांची समजूतदार गोष्ट. स्वतःचं चित्र काढणार असाल तर मात्र आधी उलटून घ्या. पान, फूल, कप यांना फरक पडत नाही. देवनागरी अक्षर किंवा एका दिशेला बघणारं पाखरू असेल तर पडतो.

स्वतःच्या डिझाइनचा विषय निघालाच आहे तर कोल्हापुरी चपलेबद्दल बोलतो, कारण इथे तो मोह सगळ्यांनाच होतो. साडेचार इंचांच्या कोस्टरवर चपलांचा जोड सुरेख दिसतो, पण जशीच्या तशी चप्पल ॲप्लिकमध्ये उतरवता येत नाही. तळ, रुंद पट्टा आणि बाजूचे कान एवढेच भाग कापडाचे करा. अंगठ्याची पट्टी या मापात तीन मिलिमीटरची होते, आणि सहा मिलिमीटरपेक्षा अरुंद तुकड्याला दोन्ही बाजूंनी टीप घालायला जागाच उरत नाही, कडेचे धागे निघून तो विस्कटतो. ती पट्टी आणि वरची वेणी भरतकामाच्या दोऱ्याने, सहापदरी लडीतले दोन पदर घेऊन साखळी टाक्याने काढा. गोंडाही दोऱ्याचाच, पण तो कोस्टरच्या मध्यावर येऊ देऊ नका. पेल्याखाली सापडला की पेला डुगडुगतो. तळाला तपकिरी केंब्रिक (बारीक विणीचं सुती कापड) वापरा आणि पट्ट्याला किंचित गडद छटा. दोन्ही एकाच रंगाचे घेतले तर हातभर अंतरावरून नुसता अंडाकृती गोळा दिसतो.

शिवणीच्या बाबतीत सूचनापत्रक झिगझॅग मशीन घरात आहे असं धरून चालतं. सॅटिन टाका, म्हणजे एकमेकांना चिकटून येणारा दाट झिगझॅग घाला, रुंदी ३ मिमी, लांबी ०.४, एवढं सांगून ते मोकळं होतं. त्यात दोन गोष्टी सुटल्यात. एक म्हणजे नुसत्या एकेरी कापडावर सॅटिन टाका घातला की कापड आखडतं आणि आकाराभोवती उंचवटा येतो. खाली ट्रेसिंग पेपर किंवा कोरा पातळ कागद ठेवून टीप घाला आणि नंतर फाडून काढा. दुसरं म्हणजे आपल्याकडे अनेक घरांत अजून काळं पायमशीन आहे आणि ते फक्त सरळ टीप घालतं. त्यावर हे काम होत नाही असं मुळीच नाही. उलट या छोट्या वस्तूंना सरळ टीपच जास्त शोभते असं माझं ठाम मत आहे, कारण सॅटिन टाक्याचा जाड काठ कोस्टर उंचसखल करतो.

सरळ टिपेसाठी तिन्ही थर आधी एकावर एक ठेवा आणि आकाराच्या कडेपासून दोन मिलिमीटर आतून टीप घाला. ॲप्लिक पक्कं होतं आणि त्याच टिपेने थरही बांधले जातात, खाली कागद लावण्याची गरज उरत नाही. टाक्याची लांबी दोन मिलिमीटर, वळणावर दीड. वळण घेताना सुई कापडात रुतलेली असतानाच प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचला आणि कापड किंचित फिरवा. खालच्या बाजूला टीप दिसणार असल्याने बॉबिनमध्ये अस्तराच्या रंगाचा दोरा भरा. सुई १४ नंबरची. अकरा नंबरची सुई तीन थरांत वाकते आणि मधूनच टाका सोडते, अठरा नंबरची बारीक विणीच्या कापडात भोकं पाडते. हाताने करणाऱ्यांनी काज टाका घ्यावा, दोन टाक्यांत आठव्या इंचाचं अंतर ठेवून.

आता मुख्य मुद्दा. संचात मध्ये घालायला पॉलिएस्टरचं फुगीर वाडिंग, म्हणजे कापसाच्या थरासारखं भरण दिलंय, जवळपास एक सेंटिमीटर जाडीचं. फोटोत ते छान दिसतं. टेबलावर ठेवल्यावर गडबड कळते. कडेला पट्टी शिवली की वाडिंग तिथे दाबलं जातं आणि मध्ये फुगलेलंच राहतं, त्यामुळे कोस्टर मधोमध टपोरा आणि काठाला उतरता होतो. रुंद बुडाचा मग त्यावर कसाबसा बसतो. आपल्याकडे चहा-दूध अनेकदा स्टीलच्या पेल्यात किंवा काचेच्या छोट्या ग्लासात दिलं जातं, आणि त्यांचं बूड अरुंद. असा भरलेला पेला मध्यापासून बोटभर बाजूला ठेवला तरी कलतो. स्टीलमधून उष्णता झटकन बाहेर येत असल्यामुळे तो पुन्हा सरळ करताना बोटंही भाजतात.

दुसरा दोष पाण्याचा. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही. गार ग्लासाचं पाणी वरच्या कापडातून आत उतरतं, वाडिंगमधून सरळ खाली जातं, अस्तर भिजवतं आणि टेबलाच्या पॉलिशवर पांढरट गोल उमटतो. म्हणजे ज्यासाठी कोस्टर ठेवायचा तेच काम होत नाही.

उष्णतेने वाडिंग वितळेल का, ही शंका अनेकांना असते. पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, चहा शंभरच्या आतच असतो, तेव्हा कपाखाली काही होत नाही. धोका इस्त्रीचा आहे. तयार कोस्टरवर सुती कापडाच्या तापमानाची इस्त्री दाबून धरली की वाडिंग कायमचं चपटं आणि कडक होतं, तेही ठिकठिकाणी. गॅसवरून उतरवलेली कढई किंवा तवा मात्र कुठल्याच कोस्टरवर ठेवू नये, कोस्टरच्या पोटात काहीही भरलेलं असो.

त्याऐवजी काय घालावं? पहिली पसंती फ्लॅनेलला, लहान बाळांच्या दुपट्यांना वापरतात ते. दोन थर घ्या. फ्लॅनेल इतर सुती कापडापेक्षा जास्त आटतं, म्हणून गरम पाण्यात दोनदा भिजवून वाळवा. शिवून झाल्यावर जाडी अडीच-तीन मिलिमीटर भरते, पाणी शोषलं जातं आणि पेला घट्ट बसतो. दुसरा पर्याय वापरून मऊ झालेल्या सुती चादरीचे तीन थर, अगदी वाकळेच्या पोटात जुनी लुगडी घालतात तसे. हे बिनखर्चाचं आणि सपाटपणात सगळ्यांत सरस. टर्किश टॉवेलचा एकच थर चालतो, पण त्याचे फंदे प्रेसर फूटमध्ये अडकतात, तेव्हा तो दोन कापडांच्या मध्ये नीट टाचूनच घ्या. स्पंज किंवा फोम नको. तो पाणी धरून ठेवतो, लवकर वाळत नाही आणि काही काळाने पिवळा पडून भुगा होतो. संचातलं वाडिंग टाकून देऊ नका, पिनकुशनला उपयोगी पडेल.

पायमशीनवर तीन थर शिवताना वरचा थर पुढे सरकतो, कारण दाते फक्त खालचं कापड ओढतात. वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही सोबत ओढणारा पाय असेल तर उत्तम. नसेल तर मध्यापासून बाहेरच्या दिशेने दीड-दोन इंचांवर कच्चा धावदोरा घाला, प्रेसर फूटचा दाब थोडा सैल करा आणि टाका अडीच मिलिमीटरचा ठेवा. पार्श्वभूमीवरच्या टिपा इंच-सव्वा इंच अंतरावर पुरतात. टीप घातली की चौकोन आक्रसतो, म्हणून सुरुवातीला ५.२५ इंचांचे तुकडे कापा आणि सगळी टीप संपल्यावर साडेचार इंचांवर छाटा. संचाचं पत्रक सुरुवातीलाच साडेचार कापायला सांगतं. तसं केलं तर चारही कोस्टर चार मापांचे होतात.

पट्टीचा हिशोब त्यांनी काठावर ठेवलाय. साडेचार इंचांच्या कोस्टरची चारही बाजूंची लांबी १८ इंच, कोपरे आणि जोडासाठी ६ इंच धरून २४. चार कोस्टरचे ९६. मग रगचे ३० अधिक १० म्हणजे ४० इंच, दोघांचे ८०. एकूण १७६ इंच. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून किनार सोडून साधारण ४२ इंचांची एक पट्टी निघते. संचात अशा चार आहेत, म्हणजे १६८ इंच, आणि तिरके जोड देताना त्यातूनही कमी होतं. शेवटच्या मग रगला हमखास ओढाताण होते. पाचवी पट्टी घरच्या कापडातून सव्वादोन इंच रुंद कापून तयार ठेवा. बाजू सरळ असल्याने उरेब (तिरकी कापलेल्या) पट्टीची गरज नाही, सरळ कापलेली चालते. गोल कोस्टर करायचा असेल तरच उरेब घ्या.

पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा आणि तिची उघडी कड कोस्टरच्या कडेशी जुळवून पाव इंच मायेवर, म्हणजे कडेपासून पाव इंच सोडून शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे टीप थांबवा, पट्टी वर तिरकी दुमडा, मग खाली आणून पुढची बाजू सुरू करा. टीप थेट कडेपर्यंत गेली तर कोपरा टोकदार न होता गोळा होऊन बसतो. मागची बाजू हाताने हेम केली तर वरून टीप दिसत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर पट्टीशिवाय, सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून शिवून उलटवूनही करता येतो. अडीच इंच तोंड उघडं ठेवा, कोपऱ्याची माया तिरकी छाटा, आणि उलटवल्यावर कडेने टीप घाला. पण तेव्हा कडेची ती एकच टीप सगळा भार घेते आणि कोपरे आधी विरतात. भेट द्यायची असेल तर पट्टीच लावा.

पहिला संच घेऊन हात बसला की दुसऱ्यांदा संच घ्यायची गरज उरत नाही. इचलकरंजीच्या मागांवरचं पॉपलिन आणि केंब्रिक आपल्या दारातलं आहे, कोल्हापुरात महाद्वार रोडवर रंग जुळवून थोडं-थोडं घेता येतं, आणि पाच-सहा जणी मिळून करणार असाल तर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारात चक्कर टाकणं परवडतं. केंब्रिक घेताना एक थर उजेडात धरून बघा. पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर पार्श्वभूमीला ते पातळ आहे. ब्लाउजच्या अस्तराचं कापड याच कारणाने नको. दुकानदार पूर्ण मीटरच कापून देत असेल तर चार रंगांत चार मीटर होतात, तेव्हा वाटून घेणारी मैत्रीण सोबत असलेली बरी. संचाचा खरा फायदा इथे आहे: दहा रंगांचं थोडं-थोडं कापड सुटं घ्यायला गेलं तर तेवढ्या पैशांत बसत नाही.

खण वापरायची इच्छा अनेकींना असते. दिसतो देखणा, पण आजकाल मिळणाऱ्या पुष्कळ खणांत कृत्रिम धागा असतो. कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत राख होतो, पॉलिएस्टरचा कडक मणी बनतो. मणी झाला तर तो खण पट्टीला किंवा मग रगच्या खाऱ्या ठेवायच्या बाजूला लावा, गरम कपाच्या जागी नको, आणि त्यावर फ्युजिंग करताना वर सुती कापड टाकून कमी तापमानाने दाबा. खणाचे धागे भराभर सुटतात, त्यामुळे त्याच्या ॲप्लिकला वेब कडेपर्यंत पूर्ण हवा. वर सांगितलेली चौकटीची युक्ती तिथे करू नका.

धुणं हाताने, साध्या साबणाने. चहाचा डाग ताजा असताना गार पाण्यात धरला तर निघतो. ब्रशने घासलं की ॲप्लिकची कड फुलते. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा आत ओल राहिलेला कोस्टर टेबलावर ठेवला की खालून बुरशीचे काळे ठिपके येतात. पावसाळ्यात दोन जोड आलटून-पालटून वापरा, आणि वाळलाय असं वाटलं तरी उलट्या बाजूने एकदा कोरडी इस्त्री दाबा. मध्ये फ्लॅनेल असेल तर सुती कापडाच्या तापमानाला खुशाल दाबा. संचातलं पॉलिएस्टर तसंच ठेवलं असेल तर इस्त्री टाळा आणि पंख्याखाली रात्रभर राहू द्या.